तिसऱ्या भोकातलं बक्कल

शिल्पकाराने तिसऱ्यांदा फीत लावली, आणि तिसऱ्यांदा बाबांचे गुडघे त्यांच्या हनुवटीला जाऊन भिडले.

बाबा अर्थात तिथे नव्हते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिथे होते ते त्यांचे खोगीर, आक्काच्या शेडमधल्या लाकडी घोडीवर चढवलेले. आणि शिल्पकाराच्या हातातला बाबांच्या मापाचा तारेचा सांगाडा, जो त्या खोगिरावर कसाही बसवला तरी अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा दिसत होता.

"नीट मोजा हो," अध्यक्ष म्हणाले.

"नीटच मोजतोय, साहेब. उंची सहा फूट दोन इंच, हे तुमच्याच सहीच्या कागदावर आहे. आणि रिकिबीचे पट्टे हे एवढे आखूड. या रिकिबीत पाय घालणारा माणूस जेमतेम पाच फुटी हवा. तुमच्या वडिलांना बसवायचं तर एक तर त्यांचे पाय कापावे लागतील, नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर पट्टे सोडावे लागतील. ही बक्कलं तिसऱ्या भोकात आहेत. सातव्यात घातली की झालं."

मेजापलीकडे आक्काच्या जोडीने चामडे शिवणारी चिमणी खुदकन हसली. आक्का हसली नाही. तिच्या हातातली सुई चामड्यात अर्धी रुतून तिथेच थांबली. चौसष्ट वर्षं त्या खोगिरापुढे माणसे उभी राहिली होती, माना तुकवल्या होत्या, फोटो काढून घेतले होते. पट्ट्याच्या भोकांकडे बघणारा हा पहिलाच निघाला.

"मग घाला की सातव्यात," अध्यक्षांनी हात झटकला. "त्यात विचारायचं काय?"

अध्यक्ष म्हणजे आक्काच्या पाठचा भाऊ. बाबांच्या स्मारक समितीचे ते अध्यक्ष होते, आणि समितीत ते, त्यांचा धाकटा भाऊ आणि निमंत्रणपत्रिका छापणारा असे तिघेच होते. घरात त्यांना अध्यक्ष म्हणत ते थट्टेने. पण थट्टा अंगाला लागायला अंग मोकळे असावे लागते, आणि अध्यक्षांच्या अंगाला दुसऱ्याच्या पराक्रमाची सवय इतकी झाली होती की तिथे सुई टोचायला जागा उरली नव्हती. बाबांना पदक मिळाले त्यानंतर वर्षभराने ते जन्मले. तरीही ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटे, गृहस्थ तोफेच्या अगदी बाजूला उभे होते.

धाकट्याला सगळे वक्ते म्हणत. हे गेली तीस वर्षं शाळाशाळांतून एकच चाळीस मिनिटांचे भाषण करीत आले होते. कोरड्या नदीचे पात्र, पलीकडच्या काठावर शत्रूच्या तोफा, पात्रात जखमी होऊन पडलेले आपले स्वार. आणि पांढऱ्या पायाच्या घोडीवरून एकटे बाबा त्या आगीत शिरतात आणि एकेकाला उचलून आणतात. "चार वेळा, मित्रहो! चार वेळा!" असे म्हणताना ते चार बोटे वर करीत. एकदा त्यांचा घसा पार बसला होता, तेव्हा नुसती बोटे दाखवूनही टाळ्या पडल्या होत्या.

पराक्रम मोठा होता, यात शंका नाही. रणांगणावरच्या शौर्यासाठी देशाचे जे सर्वांत मोठे पदक, ते आजवर अवघ्या सात घोडेस्वारांना मिळाले. त्या सातांचे दालन संग्रहालयात तयार झाले होते. सात प्लास्टरचे घोडे, प्रत्येकावर त्या स्वाराचे खरे खोगीर आणि खोगिरावर त्याचा पुतळा. सहा बसले होते. सातवा घोडा रिकाम्या पाठीने उभा होता, आणि शुक्रवारी उद्घाटन होते. म्हणून आज सगळे आक्काच्या शेडमध्ये जमले होते. कारण खोगीर दुरुस्तीला तिच्याकडे, आणि संग्रहालयाला द्यायच्या कागदावर तिघा भावंडांच्या सह्या हव्या होत्या.

"सातव्यात घालू नका," आक्का म्हणाली.

"का?"

"बाबांनी सांगितलं होतं. दरवर्षी तेल द्यायचं, टाके बघायचे, तंग बदलायचा तर बदलायचा. रिकिबीच्या पट्ट्यांना हात लावायचा नाही."

"अगं, पण ते जपायचं म्हणून! आता पुतळा बसवायचाय."

"त्यांनी जपायचं म्हणून नव्हतं सांगितलं."

अध्यक्षांना हे वाक्य ऐकू आले, पण शिरले नाही. त्यांच्याकडे वाक्ये येत ती बहुधा दारातूनच परत जात. वक्ते मात्र पुढे झाले. वाकून त्यांनी पट्टा बोटांत धरला.

"हे बघ दादा, याला उत्तर आहे. रणावेशात माणूस आखडतो. स्नायू सगळे असे आवळून येतात. बाबांनी त्या भरात पट्टे वर ओढून घेतले असणार."

"रणावेशात माणूस फुगतो, असं तुम्हीच भाषणात सांगता," दारातून आवाज आला. "छाती दुप्पट होते म्हणता. मग पायांनीच काय घोडं मारलंय?"

ही वक्त्यांची मुलगी, घोड्यांची डॉक्टर. रायडिंग स्कूलमधल्या एका घोड्याच्या खुराला पट्टी बांधून ती तशीच आली होती, आणि तिच्या बुटांबरोबर तबेल्याचा वास आत आला. अध्यक्षांच्या बायकोने नाकाला पदर लावला, मग आपल्याकडे कोण बघते आहे हे बघून तो पुन्हा सोडला. या वहिनी. यांच्या मांडीवर पदकाची मखमली पेटी होती, फोटोसाठी आणलेली. चाळीस वर्षं रोज सकाळी ते पदक पुसून ठेवायचे काम त्यांच्याकडे होते. लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सासरच्यांनी त्यांच्या हातात किल्ल्यांच्या आधी ते फडके दिले होते.

डॉक्टरने खोगिराशी जाऊन पट्टा उजेडाकडे वळवला.

"आत्या, सातव्या भोकावर हा एवढा खोल वळ आहे. म्हणजे आजोबा वर्षानुवर्षं सातव्यातच बांधत होते. तिसऱ्याला तशी झीजच नाही. इथे बक्कल बांधून फार वेळ कुणी बसलंच नाही. आणि शेवटचं बांधलं ते पुन्हा सोडलंच नाही."

"घोड्यांची डॉक्टर आहेस ना? मग घोड्यांपुरतं बघ," अध्यक्ष म्हणाले.

"घोडा इथे लाकडी आहे, काका. त्याला काही होत नाहीये. माणसांचंच काहीतरी बिनसलंय."

चिमणी पुन्हा हसली. चिमणीचे हसणे असे, मेजाखाली काहीतरी सांडल्यासारखे. सहासष्ट वर्षांची बाई, पण उंची अशी की स्टुलावर बसली की मेजावर जेमतेम खांदे दिसत. पंधराव्या वर्षी बाबांनी तिला या शेडमध्ये आणून बसवले, तेव्हापासून ती आणि आक्का समोरासमोर. जाड चामड्याला टाका एकटीने नीट बसत नाही. आक्काने आरीने भोक पाडायचे आणि सुई अलीकडून सोडायची. चिमणीने ती पलीकडून ओढायची, दोरा आवळायचा आणि पुढच्या भोकातून परत पाठवायची. एक्कावन्न वर्षं तीच सुई दोघींमधून येत-जात होती. बोलणे कमी झाले तरी चाले. सुई थांबली की मात्र कळे, कुणाचे तरी काहीतरी दुखते आहे.

आता सुई थांबली होती. चिमणीने ती पलीकडून ओढून बघितली. येईना. तिने आक्काकडे बघितले.

चिमणीचे वडील बाबांच्याच रिसाल्यात नालबंद होते. त्यांचे काय झाले हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणजे कागदावर होते तेवढे. लढाईच्या दिवशी बेपत्ता. शेरा, बहुधा पळाला. त्या एका शब्दापायी चिमणीच्या आईला ना निवृत्तिवेतन मिळाले, ना कुणाच्या दारात मानाने उभे राहता आले. चिमणी शाळेत गेली तेव्हा मुले तिला बघून टाच आपटून पळून दाखवत. आणि त्याच शाळेत पुढे वक्ते चार बोटे वर करून आले, तेव्हा त्यांच्या खुर्चीवरची धूळ हिनेच झटकली होती.

"आक्का," अध्यक्षांनी आवाज उतरवला. हा आवाज ते कार्यालयात शिपायाला हाकलण्याआधी लावत असत. "शुक्रवार चार दिवसांवर आलाय. पत्रिका गेल्यात. मंत्री येणार आहेत. तुला एक बक्कल सरकवायचंय. एक बक्कल! तेवढ्यासाठी मी इतका वेळ उभा राहून बोलावं का?"

"तू बस. बसून बोल."

"थट्टा नको. ही शेड कुणाच्या नावावर आहे, तुला ठाऊक आहे. समितीला कार्यालय हवंय. आजवर मी काही म्हटलं नाही."

"म्हटलंस की आत्ता."

"मी सरकवतो," अध्यक्ष म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी बक्कलाला हात घातला.

माणसाने आयुष्यभर फायलींना हात लावलेला असला की बक्कल कुठून सोडायचे हेही त्याला कळत नाही. अध्यक्ष ते उलट बाजूने ओढू लागले. चौसष्ट वर्षं तेल पिऊन बसलेले चामडे हलेना. शिल्पकार अस्वस्थ झाला, जणू त्याच्याच अंगाला कुणी ओरबाडते आहे. आणि आक्का उठली. एकोणसत्तर वर्षांची बाई, गुडघे बोलणारी, पण उठली ती थेट खोगिराशी पोचली, आणि तिने आपला पंजा भावाच्या पंजावर ठेवला. त्याच पंजाने ती पन्नास वर्षं म्हशीच्या चामड्यात आरी घुसवत आली होती.

"हात काढ."

अध्यक्षांनी हात काढला. काढला म्हणजे तो निघाला. मग बोटे चोळत त्यांनी आजूबाजूला बघितले, कुणावर तरी राग निघायला हवा म्हणून, आणि नजर पडली ती चिमणीवर.

"तू जरा बाहेर जा गं. घरचं बोलणं चाललंय."

चिमणीने मुकाट्याने स्टुलावरून खाली उडी घेतली. तिला उतरताना नेहमी उडीच घ्यावी लागे. खुंटीवरची पिशवी काढून ती दाराकडे निघाली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हते, आणि तेच आक्काला सोसले नाही. अपमानाची इतकी सवय की तो अंगावरून पाण्यासारखा निथळून गेला. आक्का देवभोळी बाई. रोज सकाळी आरीला हात लावून ती देवाकडे एवढेच मागे, की टाका सरळ पडू दे. आता तिला वाटले, देव वरून काय म्हणत असेल? टाके सगळे सरळ घातलेस गं, पण समोर बसलेल्या बाईशी एक सरळ शब्द बोलायला नऊ वर्षं जीभ उचलली नाही.

"ती कुठे जाणार नाही," आक्का म्हणाली. "हे तिच्याच घरचं बोलणं आहे."

चिमणी दारात थबकली.

"म्हणजे?" वक्ते म्हणाले.

"म्हणजे त्या दिवशी बाबा त्या घोडीवर नव्हतेच."

शेडच्या पत्र्यावर कुठलासा पक्षी चालत गेला, त्याच्या नखांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. आक्काने खोगिरावर हात टेकला आणि ती बोलू लागली. तिला वक्त्यांसारखे बोलता येत नव्हते. तिने पट्टा दुरुस्त करावा तसे एकेक सांगितले.

त्या सकाळी घोडीचा पुढचा नाल सैल झाला होता. नालबंदाने नवा ठोकला. त्याची एक रीत होती. नाल ठोकून झाला की तो स्वतः घोडीवर बसे आणि तिला चार पावले दुडकी चालवून कान देऊन ऐके. चारही टापांचा आवाज एकसारखा आला तरच नाल बसला असे तो समजे. आणि आवाज खरा यायचा तर स्वाराचे वजन दोन्हीकडे सारखे पडायला हवे, पाय लोंबते राहून चालत नाही. म्हणून आधी तो पट्टे आपल्या मापाला आखूड करून घेई. तिसरे भोक. बाबा तेव्हा झाडाखाली दाढी करीत होते. अर्धा गाल झाला होता. तोफा सुरू झाल्या त्या तेवढ्यात. पात्रात माणसे पडली. नालबंद आवाज ऐकायला घोडीवर बसला होता, तो तसाच आत गेला.

"चार वेळा गेला," आक्का म्हणाली. "तू बोटं दाखवतोस ना, तेवढ्याच वेळा. चारही जणांना घेऊन आला. पाचव्या वेळी घोडी एकटीच परत आली. बाबा अर्धा गाल साबणाने माखलेला, तसेच तिथे उभे. त्यांनी नुसता लगाम धरला."

"खोटं!" अध्यक्ष म्हणाले. "कप्तानाने स्वतः टेकडीवरून दुर्बिणीतून पाहिलं. त्याच्या हातचा अहवाल आहे!"

"पाहिलं. काय पाहिलं? एक पाय पांढरा असलेली घोडी. आणि पांढऱ्या पायाची घोडी कुणाच्या नावावर? बाबांच्या. त्याने नाव लिहिलं आणि मोकळा झाला."

"एवढा मोठा अधिकारी माणूस ओळखत नाही?"

"नाहीच ओळखत, काका," डॉक्टर म्हणाली. "घोडेवाले असेच असतात. मलाच रायडिंग स्कूलमधल्या एका मुलाचं नाव ठाऊक नाही. हा तांबड्याचा, ती चावणारीची, असंच. घोडा बदलून आले तर मी त्यांना रस्त्यात ओळखणारही नाही."

"आणि ते चार जखमी? त्यांनी नसतं सांगितलं?"

"दोघं वाटेतच गेले," आक्का म्हणाली. "दोघांना खोगिरावर पोटावर आडवं टाकून आणलं होतं. पोटावर पडलेल्या माणसाला घोड्याचं पोट दिसतं रे, स्वाराचं तोंड नाही दिसत."

अध्यक्ष काही बोलणार, तोच वहिनींनी पदकाची पेटी उघडून बघितली आणि पुन्हा मिटली. 

"बाबांनी तरी सांगायचं," वक्ते पुटपुटले.

"मी विचारलं होतं. सत्तावीस वर्षांची होते. चामडं वाचायला नुकती शिकले होते, वळ सातव्याला आणि बक्कल तिसऱ्याला, हे डोळ्यांत खुपलं. दिवसभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. म्हणाले, पहिल्या दिवशी बोललो असतो तर ती साहेबाची चूक ठरली असती. महिन्याने बोललो असतो तर माझा गुन्हा. वर्षाने बोलायला जी छाती लागते, ती असती तर त्या दिवशी मीच घोडीवर असतो." आक्काने पट्ट्यावरून बोट फिरवले. "बोलण्याची छाती नव्हती, पण पट्टे सोडायचीही झाली नाही. म्हणाले, मी असेपर्यंत बोलू नकोस. मी गेल्यावर तुझं तू बघ."

चिमणी अजून दारातच होती. पिशवी तिच्या हातात होती. कुणीच तिच्याकडे बघत नव्हते, जसे लोक भाजलेल्या जागेकडे बघत नाहीत.

"हे सगळं तोंडी आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांना एकदम आपली भाषा सापडली होती. "पुरावा काय? म्हाताऱ्या माणसाला भ्रम झाला असेल. पट्टे नंतर कुणीही बदलले असतील. एका पळपुट्या नालबंदासाठी तू आपल्या घराला..."

पिशवी जमिनीवर पडली.

चिमणी सरळ चालत आली. अध्यक्षांच्या समोरून, वक्त्यांच्या बाजूने, लाकडी घोडीपाशी. तिने मान वर करून खोगिराकडे बघितले. एक्कावन्न वर्षं दरवर्षी त्या खोगिराला तिनेच तेल दिले होते. पण वर बसायचे कधी मनातही आले नव्हते. तिने दोन्ही हात खोगिरावर टेकवले आणि ती वर चढायला गेली. जमेना. आक्काने हात पुढे केला.

"तू नको," चिमणी म्हणाली.

आक्काचा हात तिथेच राहिला. आणि उठल्या कोण? वहिनी. पदकाची पेटी त्यांनी कुणाकडे न बघता चामड्याच्या तुकड्यांच्या ढिगावर ठेवली, पदर खोचला, आणि आपल्या दोन्ही तळव्यांची पायरी करून चिमणीपुढे धरली.

"ठेव पाय."

"अहो, काय करताय?" अध्यक्ष ओरडले.

"चाळीस वर्षं फडकं धरलंय मी. आज पाय धरते. ठेव गं."

चिमणी चढली. सहासष्ट वर्षांची बाई दोन्ही बाजूंना पाय टाकून खोगिरावर बसली, आणि कुणी पट्टा ओढला नाही, कुणी रिकीब सरकवली नाही. तिचे दोन्ही पाय खाली गेले आणि रिकिबींत असे बसले, जणू त्या रात्रभर तिच्याच पलंगाखाली ठेवलेल्या चपला होत्या. गुडघ्याला हवा तेवढा बाक. टाच खाली. पाठ आपोआप ताठ.

शिल्पकार कामाचा माणूस. त्याने तारेचा सांगाडा भिंतीला टेकवला, फीत काढली आणि चिमणीच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतले.

"वडिलांवर गेलात का तुम्ही?" त्याने विचारले.

"मला काय ठाऊक. मी दोन वर्षांची होते. आई म्हणायची, दोघं एकाच मापाचे."

"बरोबर असणार," तो म्हणाला आणि लिहू लागला. "साहेब, रागावू नका. पण मला खोगिरावर माणूस बसवायचाय. माणसाखाली खोगीर नाही बसवता येत."

"एक मिनिट," वक्ते म्हणाले. त्यांनी खिशातून कधीच पेन्सिल काढली होती. डोळ्यांत एक चमक आली होती, आणि ती चमक सत्याची होती असे मानायचे तर मन फार मोठे करावे लागले असते. "घोडीच्या टापांचा आवाज ऐकायला बसलेला माणूस... आणि तोफा... दादा, हे तर जास्त चांगलं भाषण होतं! आणि शेवटी अर्धा गाल! अर्धा गाल, मित्रहो!"

"लाज वाटत नाही?" अध्यक्ष म्हणाले.

"तुला वाटते?"

"मी सही करणार नाही. बघतोच सातवा घोडा कसा भरतो ते." अध्यक्षांनी अंगरखा सारखा केला. बाहेर पडताना त्यांनी बायकोकडे बघितले. चाळीस वर्षं वहिनी त्या नजरेबरोबर उठत आल्या होत्या. आज मात्र खिडकीतून बाहेर बघत राहिल्या, तिथे बघण्यासारखे काहीही नसताना. अध्यक्ष एकटेच गेले.

कागद मेजावर होता. ‘स्वार’ या शब्दापुढे बाबांचे नाव छापलेले होते. आक्काने ते खोडले, वर नालबंदाचे लिहिले, आणि खाली सही केली. वक्त्यांनीही केली, दोन ओळींत मावणार नाही एवढी मोठी.

"तुला कधीपासून ठाऊक?" चिमणी खोगिरावरूनच म्हणाली. आवाज वर चढला नव्हता. त्यातच सगळे होते.

"सांगितलं ना. मी सत्तावीसची होते."

"आकडा सांग."

"बेचाळीस वर्षं."

"तुझे बाबा होते तोवर तेहतीस. ती मी त्यांच्यासाठी सोडून देते." चिमणीने पाय रिकिबीतून काढले. "आणि गेली नऊ?"

भीती वाटली, हे उत्तर होत नाही. शेड जाईल, भाऊ जातील, आणि सांगितल्यावर तू समोर बसणार नाहीस, असले सगळे तिच्या घशापर्यंत येऊन परत गेले. चिमणीने ते येताना आणि जाताना पाहिले. मग वहिनींना म्हणाली, "हात द्या हो," आणि उतरली.

वहिनींनी जाताना पदकाची पेटी उचलली, जरा विचार केला, आणि चिमणीच्या बाजूला मेजावर ठेवली.

"उद्यापासून हे तू पूस. नाहीतर पुसू नकोस. मला आलाय कंटाळा." आणि डॉक्टरला म्हणाल्या, "चल गं, मला तुझ्या गाडीतून सोड. वास आला तर येऊ दे."

एकेक करून सगळे गेले. शिल्पकार सर्वांत शेवटी, सांगाडा बगलेत धरून. बाहेर त्याने तो कचऱ्यात टाकल्याचा आवाज आला.

मघाशी सुई थांबलेला रायडिंग स्कूलचा पट्टा मेजावर अर्धा शिवून पडला होता. चिमणी आपल्या स्टुलावर चढली. आक्काकडे न बघता तिने पट्टा आपल्याकडे ओढला, आरी आक्काच्या बाजूने उचलून आपल्या बाजूला घेतली, आणि एकटीच शिवू लागली. भोक पाडायचे, सुई सोडायची, मेजाला वळसा घालून यायचे, पलीकडून ओढायची, पुन्हा वळसा. आक्का घोडीपाशी उभी राहून बघत होती. तिने पुढे व्हायचा प्रयत्न केला नाही. एक टाका. दुसरा. तिसरा वाकडा पडला. चिमणीने तो उसवला आणि पुन्हा घातला. सातव्या टाक्याला तिला धाप लागली.

ती स्टुलावर बसली. आठवे भोक पाडले. सुई आत सोडली. सुईचे टोक पलीकडे, आक्काच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढे बाहेर आले आणि तिथेच राहिले.

चिमणी उठली नाही. वळसा घालून गेली नाही. पदकाच्या पेटीवर कोपर टेकवून ती पट्ट्याकडे बघत बसून राहिली. आक्का हळूहळू येऊन आपल्या स्टुलावर बसली, पण हात मांडीतच ठेवले. ते टोक आपल्यासाठी आहे की नुसतेच राहिले आहे, हे विचारायचेही तिला धाडस होईना.

"ओढतेस का," चिमणी म्हणाली, "की त्यालाही बेचाळीस वर्षं लावणार आहेस?"